साक्ष सतरा, साक्ष बत्तीस

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. तीन बॅगा, गादीची गुंडाळी आणि पुस्तकांचं खोकं असं सगळं तीन जिने वर चढवलं, तेही एकटीने, कारण लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लटकते आहे आणि तिच्यावरची धूळ बघता ती पाटी बरीच जुनी असावी. पण खोली मनासारखी आहे. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलाचा एक पाय आखूड. त्याखाली माझाच जुना प्रबंध सरकवला. इतक्या वर्षांत त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

घरमालक खालीच कुलपांचं दुकान चालवतात. ताईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, बरं झालं बाई, आता तू किल्ली आत विसरून दार ओढून घेतलंस की फार लांब जायला नको. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत भूगोल शिकवते आणि मलाही अजून तिच्या वर्गातली समजते.

उद्या रुजू व्हायचं. सहा वर्षं इकडेतिकडे तासांवर शिकवून झाल्यावर ही पहिली धड नोकरी. संस्था छोटी आहे, पण काम मोठं: एका देशातून दुसऱ्या देशात माणसं, माल आणि खोटे कागद पोचवणाऱ्या टोळ्यांचा अभ्यास. इतके दिवस मी या विषयावर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवत होते. आता मूळ साक्षी हातात येणार. लहान मुलीसारखा आनंद झालाय, आणि तो लपवायला इथे कोणी नाही.

नवी वहीही घेतली. माझे पहिले मार्गदर्शक सर म्हणायचे, दिवस संपायच्या आत लिहून काढा, उद्या आठवेल ते तुम्ही रचलेलं असेल. सोळा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही.

४ मार्च, मंगळवार

कामाची पद्धत समजली. टोळीतून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखती झालेल्या आहेत: ट्रकचालक, गोदामाचे पहारेकरी, शिक्के कोरणारे, स्वयंपाकीण, असे कोण कोण. प्रत्येकाचं नाव काढून नंबर दिला आहे. साक्ष एक, साक्ष दोन, अशा चाळीस. माझं काम म्हणजे प्रत्येक उतारा वाचायचा आणि समासात कोड लिहायचा. सात म्हणजे वाहतूक, अकरा म्हणजे धमकी, पंधरा नातेवाईक, तेवीस ठिकाण, एकतीस म्हणजे साक्षीदार खोटं बोलतो आहे. असे सत्तेचाळीस कोड आहेत.

तीच फाइल दुसरा एक माणूस स्वतंत्रपणे वाचतो आणि त्याचे कोड लावतो. मग दोघांचे कोड ताडून बघायचे. शंभरातले ऐंशी जुळले तर ठीक, नाहीतर मागे जोडलेल्या चर्चेच्या पानावर एकमेकांना लेखी कारणं द्यायची. दोघांनी भेटायचं मात्र नाही. भेटलं की माणसाला भीड पडते आणि आकडे खोटे होतात. नियम चांगला आहे, मी स्वतः विद्यार्थ्यांना हाच शिकवलाय.

सगळं कागदावर. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संचालिका, संगणकावर विश्वास ठेवत नाहीत. मला निळी पेन्सिल मिळाली, दुसऱ्याची हिरवी आहे. फाइल नेणं-आणणं एका कारकुनाकडे. तो इतका सावकाश चालतो की मी त्याचं नाव कासव ठेवलंय. मनातल्या मनात, अर्थात.

११ मार्च, मंगळवार

आठ दिवसांत तीन फायली. मेळ अठ्ठावन्न टक्के, एकसष्ट टक्के, चोपन्न टक्के. माझ्या डोक्याला ताप झालाय.

हा दुसरा माणूस नियमच पाळत नाही. नियम साधा आहे, कागदावर जे आहे त्यालाच कोड लावायचा. साक्ष आठ हा ट्रकचालक. तो सांगतो की मुकादमाने निघताना विचारलं, भाऊ कसा आहे. मी लावला पंधरा, नातेवाईक. हिरव्या पेन्सिलीने लावला अकरा, धमकी. का, म्हणून मी चर्चेच्या पानावर विचारलं. उत्तर आलं: ‘भाऊ तेव्हा त्यांच्या गोदामात होता.’ फाइलमध्ये हे कुठेही नाही. मी लिहिलं, आधार कोणता? उत्तर: ‘माहीत आहे.’

आता याला काय म्हणायचं. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

१२ मार्च, बुधवार

आज कडेलोट. साक्ष अकरा, पहारेकरी. तो म्हणतो, आवारात कुत्रा भुंकत होता. हिरव्या पेन्सिलीने त्यापुढे एकतीस. खोटं. आणि चर्चेच्या पानावर दोनच शब्द: ‘कुत्रा नव्हता.’

तशीच उठून मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या की ते फार जुने आहेत, त्यांनी इतक्या साक्षी वाचल्यात की त्यांना आपोआप कळतं, तुम्ही नव्या आहात, जरा त्यांच्याकडून शिका. माझ्या आधी ही खुर्ची जिची होती तिचेही सुरुवातीला असेच खटके उडायचे म्हणे, पण नंतर छान सूर जमला. मग ती गेली कुठे, असं मी विचारलं. न सांगता सोडून गेली, आजकालच्या मुली अशाच, इति बाई.

पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी ताईकडे तासभर कुरकुर केली. ती म्हणाली, तुझं बरोबरच असेल गं, पण तुला बरोबर असण्याची फार हौस आहे. रागाने फोन ठेवला, मग परत लावला.

१४ मार्च, शुक्रवार

आज साक्ष सतरा वाचली आणि सगळा वैताग विसरले.

ही ताडपत्री शिवणारी बाई. ट्रकवर घालायच्या जाड ताडपत्रीला आतून चोरकप्पे शिवायची. त्यांतून कागद जायचे, कधी दागिने, एकदा तर तान्हं मूल गेलं. सात वर्षं ती त्या लोकांत राहिली, त्यांच्याबरोबर जेवली. मग गोदामात तिच्यासमोर एका माणसाला मारलं. तिने चार वर्षांपूर्वी सगळं सांगितलं, म्हणून मुकादम आणि त्याचे सहा जण एका देशात तुरुंगात आहेत. बाकीची टोळी चार सीमांपलीकडे मोकळी. प्रत्येक देशाचे पोलीस आपापल्या वेशीपर्यंत पळतात आणि थांबतात. टोळीला वेस नाही.

काय बोलते ही बाई! जमिनीवर बसून शिवायचं, त्यामुळे तिला दिसायचे ते पाय. म्हणून ती माणसं चपलाबुटांवरून सांगते. तपकिरी बूटवाला, अंगठ्याशी फाटलेला, टाचा घासणारा. कुठेही ‘मी घाबरले’ म्हणत नाही, ‘माझी बोटं गार पडली’ म्हणते. सोबत लहान मुलगी, तिच्या एका डोळ्यावर पट्टी, कारण डोळा आत वळतो. मुलीला घेऊन ती कुठे गेली ते फाइलमध्ये नाही, आणि नसायलाच हवं.

१९ मार्च, बुधवार

आज मी खूष आहे आणि ते इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण ऑफिसात सांगायला कोणी नाही.

साक्ष बत्तीस आली. वेगळ्या अभ्यासातली, वेगळ्या देशात, मागच्या वर्षी घेतलेली. टोळीतून सुटलेल्या बायकांचं पुढे काय झालं, असा विषय. जुन्या आयुष्याबद्दल एक अक्षर नाही. आताच्या रोजच्या गोष्टी: कारखान्यात शाळेचे पिवळे स्वेटर शिवते, दुपारी पूल उघडतो तेव्हा भोंगा होतो आणि सगळ्या बायका चहाला उठतात, मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. आणि मग मुख्याध्यापिकेबद्दल सांगताना म्हणते, बुटांना नाडी नाही, बकल आहे, बाई चांगली असणार. पुढच्या पानावर ऑपरेशनचं नाव काढलं तर ‘माझी बोटं गार पडतात’.

ही सतराच आहे! दोन फायलींचे दुभाषे वेगळे, वर्षं वेगळी, नंबर वेगळे, आणि माणूस एक. चर्चेच्या पानावर मुद्देसूद लिहिलं: बूट, बोटं, डोळा, शिवण, मुलीचं वय. साक्ष सतरा व साक्ष बत्तीस ही एकच व्यक्ती होय. खाली दोन रेघा मारल्या. ‘माहीत आहे’वाल्याला कळू दे की आधार कशाला म्हणतात.

२१ मार्च, शुक्रवार

फाइल परत आली. हिरव्या पेन्सिलीने एकच शब्द: ‘सहमत.’

मेळ शंभर टक्के. बाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, बघा, जमला की नाही सूर. ताईला सांगितलं. ती म्हणाली, चला, देव पावला. येताना स्वतःसाठी फुलं घेतली. टेबलावर ठेवली आहेत, पिवळी.

२४ मार्च, सोमवार

सतरा आणि बत्तीस दोन्ही फायली कासव कपाटात ठेवत होता. नेहमीच्या नव्हे, मागच्या खोलीतल्या. मी विचारलं तर म्हणाला की बंद झाल्या. बत्तीसची काल पुन्हा मुलाखत होती, पण फोन लागत नाही, मुलाखत घेणारा कंटाळून परत आला. मग म्हणाला, अशा जोडीच्या फायली बंदच होतात मॅडम, नेहमीचं आहे.

जोडीच्या फायली.

तो जेवायला गेल्यावर मागच्या खोलीत गेले. कपाट उघडंच होतं. चार जोड्या. चर्चेच्या पानांवर निळं अक्षर, माझं नव्हे, माझ्या आधीच्या मुलीचं. नेटकं, गोल. साक्ष पाच व साक्ष एकोणतीस ही एकच व्यक्ती होय. साक्ष बारा व साक्ष वीस. अशाच चार. प्रत्येकीखाली हिरव्यात ‘सहमत’, आणि पुढच्या पंधरवड्यात शिक्का: साक्षीदार उपलब्ध नाही.

जुन्या फाइलमध्ये ती कोण होती हे आहे. ते त्या लोकांना आधीच माहीत. नव्या फाइलमध्ये ती आता कुठे आहे, पण कोण ते नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठेवल्या तर कोणाच्या बापाला कळणार नाही. जोडल्या की झालं. आणि मी जोडल्या. आधार देऊन, मुद्देसूद, खाली दोन रेघा मारून.

कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं कामही नव्हतं. नुसतं त्या माणसाला दाखवायचं होतं.

२५ मार्च, मंगळवार

बाईंशी बोलले. बोलले म्हणजे भिंतीवर डोकं आपटलं. त्या म्हणाल्या, आपल्याकडे एकही नाव नाही, सगळे नंबर, नंबराला कोण काय करणार. मी विचारलं, हिरवी पेन्सिल कोणाच्या हातात आहे. तर म्हणे ते नियमात बसत नाही. मी म्हटलं की आवारात कुत्रा नव्हता हे त्याला कसं कळलं, हा साधा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही का. बाईंनी चष्मा पुसला. मग मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं.

वाईट माणूस नाही ती. तेच जास्त चीड आणणारं आहे. तिला आकडे जुळल्याचा आनंद होतो.

२६ मार्च, बुधवार

पोलीस ठाणं. अडीच तास बाकावर. टेबलामागच्या पोलिसाने अर्ज पुढे ओढला आणि विचारू लागला. जिवाला धोका कोणाच्या? नाव माहीत नाही. राहणार? माहीत नाही. कोणापासून धोका? माहीत नाही. तुमचं तिच्याशी नातं? मी तिची मुलाखत वाचली. त्याने पेन खाली ठेवलं. रागावला नाही, उलट पाणी दिलं. म्हणाला, बाई, असं करा, नाव कळलं की या. शिवाय ती दुसऱ्या देशात असेल तर आमच्या हद्दीत बसत नाही.

ह्याच वाक्यावर मी एकदा तासभर व्याख्यान दिलं होतं.

ताईचा फोन घेतला नाही.

२७ मार्च, गुरुवार

कोणीच काही करणार नसेल तर मीच जाते. दिवसभर बत्तीसच्या माझ्या टिपणांवर बसले. उघडणारा पूल असलेली गावं सीमेपलीकडे दोनच. पिवळा स्वेटर त्यातल्या एकाच गावातल्या शाळेचा, शाळेच्या फोटोत दिसतो. कारखाना पुलाला लागूनच हवा, नाहीतर भोंगा एवढा जवळ ऐकू येणार नाही. गाडीने चार तास. उद्या पैसे आणि कागदपत्रं बघते, शनिवारी पहाटे निघते.

चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. नकाशा पुढ्यात ठेवून काम केलं की मला बरं वाटतं.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी बँकेतून आले. वही टेबलावर होती तशीच होती. उघडली.

कालच्या पानाच्या समासात हिरवा तेवीस. ठिकाण. खाली रेघ.

मागे गेले. तीन मार्चपासून सगळ्या पानांना कोड लावलेत. ताईच्या प्रत्येक उल्लेखापुढे पंधरा. फुलं आणली त्या दिवशी काही नाही. चोवीस तारखेला, मी जोडल्या असं लिहिलंय तिथे, फक्त एक बारीक बरोबरची खूण.

घरमालकांना वर बोलावलं. त्यांनी कुलूप खोलून पाहिलं आणि म्हणाले की कोणी हात लावलेला नाही, लावला असता तर मला कळलं असतं, हाच तर माझा धंदा. तरी नवीन बसवून घेतलं. बाई, उगाच खर्च, असंही म्हणाले.

पत्ता मी शोधला. मीच लिहिला. शुद्ध मराठीत, नकाशासकट. उद्यापर्यंत थांबत नाही, आत्ताच बस बघते.

२९ मार्च, शनिवार

परतीच्या बसमध्ये. अक्षर हलतंय.

कारखाना सापडला. शेजारच्या मशीनवरची बाई बोलायला तयार नव्हती. चहाचा भोंगा झाला तेव्हा बाहेर आली, माझ्या बुटांकडे पाहिलं, मग बोलली. ती मागच्या शनिवारीच गेली, मुलीला घेऊन. सुई कापडात तशीच टोचलेली, दिवा चालू. कोणाला काही बोलली नाही. बाजारात एक ओळखीचे बूट दिसले, एवढंच म्हणाली होती.

म्हणजे निसटली. माझ्या आधी, त्यांच्या आधी, स्वतःच्या अकलेने. रस्त्यातच बसून रडले, लाज वाटली नाही.

मग ती बाई म्हणाली, काल संध्याकाळीही दोघे आले होते. तुमच्यासारखेच सभ्य. तुम्ही विचारता तेच विचारत होते.

काल. मी गुरुवारी लिहिलं, ते शुक्रवारी आले.

माझा नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिला. तिने घेतला, पण विश्वास ठेवला असं वाटत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

३१ मार्च, सोमवार

जुनी वही बादलीत जाळली. त्याआधी कामाचा तेवढा भाग नव्या वहीत उतरवला. ताई म्हणेल, जाळायचं तर उतरवायचं कशाला. तिला सांगितलं नाही. तिच्या नावापुढचे ते पंधरा आठवून, दोन दिवस शाळेतही जाऊ नकोस असं — नाही, तेही सांगितलं नाही. आधी मलाच कळू दे.

ऑफिसला गेले, राजीनामा द्यायला. बाई भेटल्या नाहीत. कासवाने फाइल पुढे केली, सवयीने. मी विचारलं, हिरव्याकडे नेतोस ती कुठे नेतोस. म्हणाला, मागच्या खोलीत ठेवतो मॅडम, सकाळी झालेली असते. कधी कोणाला पाहिलंस? नाही. किती वर्षं? चौदा.

वही पर्समध्ये, पर्स खांद्याला. सोडली नाही.

संध्याकाळी उघडली. २९ तारखेच्या पानावर, चिठ्ठीच्या ओळीपुढे, हिरवा सात. वाहतूक. म्हणजे माझ्या नंबरावरून तिच्यापर्यंत जायचा रस्ता.

१ एप्रिल, मंगळवार

ठीक आहे. वाचतोस ना, वाच. ती दक्षिणेला गेली. समुद्रमार्गे. बंदरावर एका बाईने मला सांगितलं, कापडाच्या दुकानात काम मिळालंय.

(दुपारी.) अंघोळीला गेले. वही बाथरूममध्येच, टॉवेलखाली. बाहेर आले तेव्हा — एकतीस. खोटं. खाली त्या गोल, नेटक्या अक्षरात —

माझ्या आधीच्या मुलीचं अक्षर. हिरव्या पेन्सिलीत. ‘कारण द्या.’

२ एप्रिल

फोन आला. तीच, सतरा. आवाज मी कधी ऐकला नव्हता, तरी दुसऱ्या वाक्याला ओळखला. आधी मला शिव्या घातल्या. शहाणपणा करायला तुला कोणी सांगितलं होतं, म्हणाली. बरोबर आहे. मग म्हणाली की मुलीचं ऑपरेशन घाईत झालं, टाके आहेत, डोळ्यात घालायचं औषध संपलंय आणि दुकानात जायची तिची हिंमत नाही. शेजारच्या मशीनवालीने पोचवलेल्या चिठ्ठीवरचा माझा नंबर तेवढा होता, म्हणून केला. औषध नाही मिळालं तर डोळा जाईल.

पत्ता सांगितला. ऐकताना पेन हातात होतं. टेबलावर ठेवलं.

औषध घेतलं.

३ एप्रिल

आज काही लिहायचं नाही.

(नंतर.) वरच्या ओळीपुढे नऊ. नऊ म्हणजे गप्प बसणं. कोडबुकात त्याचा अर्थ असा दिलाय: साक्षीदाराला माहीत आहे. म्हणजे न लिहूनही —

वही फाडली. जाळली. ही तिसरी आहे, आत्ताच रस्त्यावरून घेतली. कशाला घेतली? न लिहिता झोप येत नाही. डोकं भरून येतं. सगळं तसंच्या तसं पुढे उभं राहतं आणि हात —

ताई, तुझा फोन मी घेत नाहीये, रागावू नकोस.

४ एप्रिल

दिलं. औषध दिलं. दोघींना पाहिलं. मुलगी तिसऱ्या थेंबाला रडली नाही. पट्टी काढल्यावर डोळा सरळ आहे. सरळ बघते. माझ्याकडे बघून म्हणाली की —

नाही.

बऱ्या आहेत. एवढं लिहिलं तर चालेल. बाकी काही नाही. कुठे ते नाही, कसं गेले ते नाही.

दाराशी तिने माझे बूट पाहिले. मग दोन्ही हात हातात घेतले. तिची बोटं गरम होती. मला म्हणाली, आता विसर. मी हो म्हटलं. सोळा वर्षांत मी काहीच विसरले नाही. सर म्हणायचे, खिडकीतून काय दिसतं ते लिहा, कोणता आवाज येतो ते लिहा, आवाज कधीच खोटं बोलत —

थांब. वही मिट.

किती लहान खोली. चहाचा कप तिने धुऊन मला दिला, दुसरा नव्हता. मुलगी खिडकीशी बसून मोजत होती. तिला छंदच आहे, दर वीस मिनिटांनी खिडकीची काच थरथरते आणि ती बोट दुमडते, मी होते तोवर चार बोटं झाली, म्हणजे रेल्वेचे रूळ खोलीपासून अगदी जवळ, खालच्याच बाजूला —